बारा गावचं पाणी प्यायलेला स्टुअर्ट

परदेशी फुटबॉलपटू भारतात येतोय म्हटलं, की त्याचं नाव किती मोठं हे आपण आधी पाहतो. 2014मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती याच हिशेबाने. दिल्लीने इटलीचा विश्वविजेता अलेस्सांद्रो देल पिएरो आणला, मुंबई सिटीने फ्रान्सचा निकोलस अनेल्का. पोस्टर झकास झाली. त्या हंगामात देल पिएरोच्या नावावर एक गोल लागला, अनेल्काच्या नावावर दोन. 2016मध्ये मुंबईकडून पाच गोल करणाऱ्या दिएगो फोर्लानसारखे अपवाद होते, नाही असं नाही. पण अपवादच.

2021मध्ये जमशेदपूरने ग्रेग स्टुअर्टला घेतलं, तेव्हा पोस्टर छापावं असं काहीच त्याच्याकडे नव्हतं. वय 31. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघात एकही सामना नाही. मधल्या फळीच्या पुढे, आघाडीच्या मागे खेळणारा डावखुरा खेळाडू आणि गाठीशी सहा क्लबांचं बारा गावचं पाणी.

त्याची सुरुवात काउडनबीथमध्ये झाली. फाइफ परगण्यातलं हे जुनं खाणगाव. तिथल्या सेंट्रल पार्क मैदानाला मोटारींच्या शर्यतीच्या ट्रॅकचा वेढा आहे. एकमेकींना धडका देत पळणाऱ्या गाड्यांची शर्यत आणि फुटबॉल, दोन्ही तिथेच. या क्लबला लोक थट्टेने ‘ब्लू ब्राझील’ म्हणतात. तिथून 2014मध्ये तो डंडीत गेला आणि स्कॉटलंडच्या अव्वल लीगमध्ये चमकला. दोन वर्षांनी इंग्लंडच्या बर्मिंगहॅम सिटीचं बोलावणं आलं.

भटका खेळाडू कसा घडतो, ते इथे दिसतं. बर्मिंगहॅमने ऑगस्ट 2016मध्ये स्टुअर्टला घेतलं तेव्हा गॅरी रोवेट व्यवस्थापक होते. संघ गुणतक्त्यात सातवा असताना डिसेंबरमध्ये क्लबने त्यांनाच घरी पाठवलं. जागी आलेले जियानफ्रँको झोला 24 सामन्यांत दोनच जिंकू शकले. हंगाम संपण्याआधी हॅरी रेडनॅप आले. प्रत्येक नव्या साहेबाची पसंती वेगळी. ज्याने भरवशाने घेतलं तोच नाही, मग घेतलेल्याला कोण विचारतो? स्टुअर्ट लोनवर अॅबर्डीनला गेला. पुढच्या हंगामाचा पहिला अर्धा किल्मार्नॉकमध्ये, दुसरा पुन्हा अॅबर्डीनमध्ये. त्याची गुणवत्ता आटली नव्हती, वरचा माणूस बदलत होता. 2019मध्ये रेंजर्सने घेतलं. 2020-21मध्ये रेंजर्सने एकही सामना न गमावता लीग जिंकली, पण स्टुअर्टच्या वाट्याला बहुतेक वेळ बाकच आला.

मग भारत. करोनामुळे 2021-22चा सगळा हंगाम गोव्यात आणि अंतिम सामना सोडला तर रिकाम्या स्टँडसमोर झाला. ओडिशाविरुद्ध स्टुअर्टने मध्यंतराआधीच हॅट्‌ट्रिक पूर्ण केली. टाळ्या वाजवायला प्रेक्षकच नव्हते. हंगामाअखेर 10 गोल, 10 असिस्ट, सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि जमशेदपूरला लीगमधल्या अव्वल संघाची शिल्ड. पुढच्या वर्षी तो मुंबई सिटीत आला. डेस बकिंगहॅम यांचा तो संघ पहिल्या 18 सामन्यांत अपराजित राहिला आणि 46 गुणांसह शिल्ड घेऊन गेला.

तो साधुसंत होता असंही नाही. 20 डिसेंबर 2023ला अंधेरीच्या मैदानात मुंबई आणि मोहन बागान यांच्या सामन्यात पंचांनी सात लाल कार्डं दाखवली. स्टुअर्टने मध्यंतराच्या तोंडावर बरोबरीचा गोल केला आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. मुंबई 2-1 जिंकली. पुढच्याच महिन्यात तो बाडबिस्तरा गुंडाळून किल्मार्नॉकला परतला. काही महिन्यांनी पुन्हा भारतात आला, तो थेट मोहन बागानकडे. 2024-25मध्ये बागानने शिल्ड आणि चषक दोन्ही जिंकले. तीन क्लब, तीन शिल्ड.

आपल्याकडे अशा खेळाडूला ‘तिकडे चाललं नाही म्हणून इकडे आला’ असं सहज म्हटलं जातं. स्टुअर्टच्या बाबतीत ते अर्धं खरंही आहे. रेंजर्सने करार वाढवला असता तर तो कदाचित आलाच नसता. पण दर दोन वर्षांनी नवं गाव, नवे सोबती, नवा प्रशिक्षक यांच्याशी जुळवून घेण्याची त्याला आधीच सवय होती. फक्त सहा परदेशी खेळाडू नोंदवण्याएवढी जागा असलेल्या भारतीय क्लबला हीच सवय सर्वांत उपयोगी पडते. म्हणून परदेशी खेळाडू निवडताना क्लबांनी त्याचे जुने करंडक मोजण्याऐवजी गेल्या दोन हंगामांत तो किती मिनिटं खेळला आणि कोणत्या जागेवर, एवढं आधी तपासावं. प्रेक्षकांनीही मोठ्या नावांसाठी हट्ट धरणं सोडावं.