ही चक्की पीठ दळत नाही

"पवनचक्की बघायला नेदरलँड्स कशाला? चाळकेवाडीच्या पठारावर ढीगभर आहेत," असं एक मित्र म्हणाला होता. मलाही तसंच वाटायचं. मे महिन्यात ताईकडे रॉटरडॅमला गेलो, तेव्हा तिच्या आग्रहाखातर एक दिवस काढून वॉटरबसने किंडरडाइक गाठलं.

कालव्यांच्या काठाने १९ चक्क्या. बहुतेक १७३८ ते १७४० च्या सुमारास बांधलेल्या. आणि यातली एकही पीठ दळत नाही! आपल्या 'चक्की' शब्दाने फसवलं म्हणा. जमीन समुद्रसपाटीच्या खाली, त्यामुळे पाणी सतत उपसावं लागतं. पंखे फिरले की आतला उभा दांडा फिरतो, त्याच्याबरोबर खालचं मोठं फळ्यांचं चाक, आणि ते सखल कालव्यातलं पाणी वरच्या कालव्यात ढकलतं. तिथून ते लेक नदीत. आता हे काम पंप करतात, पण दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना, तेव्हा याच चक्क्या पुन्हा कामाला लागल्या.

आम्ही सगळे पंख्यांपुढे सेल्फी काढत होतो. माझ्या मते तिथं बघायचं ते नव्हेच. या चक्क्यांत आजही माणसं राहतात, आणि त्या फिरत्या ठेवतात. युनेस्कोने १९९७ साली ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली, २०१७ साली चक्की चालवण्याचं कसब अमूर्त वारशाच्या यादीत. मला दुसरी नोंद मोठी वाटते.

कारण आमच्या गोव्यातल्या खाजनांत मानस आहे. भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं लाकडी दार, तेही आपसूक. (वाराही लागत नाही. एका परीने आमचंच डोकं जास्त चाललं!) मागच्या पावसात गावचा बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं. दुरुस्ती कोणी करायची यावर बैठक झाली, चहा झाला. मानशीची फळी कशी बसवायची ते ठाऊक असलेले आजोबा कोपऱ्यात बसून होते. त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. 'आपला वारसा' या विषयावरच्या निबंधाला कॉलेजात बक्षीस मात्र मी घेतलंय.

परतल्यावर आजोबांना व्हिडिओ दाखवला. पंख्यांकडे त्यांनी फारसं पाहिलंच नाही. म्हणाले, "उदक वयर काडटा तें चाक खंयच्या लाकडाचें रे?"

मला सांगता आलं नाही.