सेवाधर्म आणि सेवाशर्ती

सोलापूर ही डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जन्मभूमी. १९३८ साली चीनला गेलेले डॉक्टर १९४२ मध्ये तेथेच निवर्तले, याचा शहराला सार्थ अभिमान आहे. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान या परिचर्येच्या शिक्षिका होत्या, याचे स्मरण मात्र त्या मानाने थोडे. डॉक्टरांचा गौरव आणि परिचारिकेचे विस्मरण ही आपली जुनीच रीत होय.

परिचारिकेच्या हातून चूक घडताच तिला सेवाधर्माचे पाठ दिले जातात. पण नीती एकट्या परिचारिकेने पाळावयाची असते काय? भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. जेथे एकीच्या वाट्याला तीस खाटा येतात, तेथे कर्तव्यच्युती तिची की व्यवस्थेची? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रीय समितीने लहान खासगी रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे मालक जाणतात.

मे २०२२ मध्ये कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिका संपावर गेल्या, त्या केवळ पगारासाठी नव्हे. जिची नोकरीच उद्याची नाही, ती कक्षातील गैरप्रकाराविरुद्ध तोंड कसे उघडणार? कामातील समाधान प्रशस्तिपत्रकांनी लाभत नाही. काम नीट करता येण्यातून ते लाभते.

सोलापूरच्या चळवळीने गिरणी आणि विडी कामगारांना संघटित केले. त्याच कुटुंबांतील रुग्ण सरकारी खाटांवर असतात. म्हणून परिचारिकांचा लढा हा कार्यकर्त्यांनी आपलाच मानला पाहिजे.