पाच जूनची रोपे

मे महिन्यात टोरांटोहून मुलीचा फोन आला, की त्यात एक वाक्य हटकून असते : "बाबा, येत्या सोमवारनंतर टोमॅटो बाहेर लावणार." हा सोमवार म्हणजे 'व्हिक्टोरिया डे', २५ मेच्या आधीचा. त्यापूर्वी रोप अंगणात लावले आणि एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला, तर पानांतले पाणी गोठून ती काळी पडतात. म्हणून तिकडची माणसे खिडकीशी बी रुजवतात, रोपे दिवसा बाहेर आणि रात्री आत ठेवून त्यांना हवेची सवय लावतात. पण वाफ्यात लावायची घाई करीत नाहीत.

नेमक्या त्याच दिवसांत, २५ मेच्या सुमारास, सूर्य रोहिणीत जातो आणि आमच्या वणीत नवतपा सुरू होतो. मुलगी रोपे बाहेर काढते, तेव्हा मी मोगऱ्याची कुंडी सावलीत ओढत असतो. तिथे थंडी झाड मारते, इथे ऊन.

पण तिथे जो धाक आहे, तो आपल्याला नाही. ५ जून आला की आपण झाडे लावायला निघतो. ही तारीख १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेची. स्टॉकहोमला ती सोयीची असेल. विदर्भात पाऊस पोचतो साधारण जूनच्या मध्याला. तोवर काळ्या जमिनीच्या भेगाही बुजलेल्या नसतात आणि कोवळी मुळे त्या भेगांत उघडी पडून वाळतात.

हे मी दुसऱ्याला सांगतो आहे असे नाही. शाखाधिकारी असताना एका ५ जूनला बँकेच्या आवारात मीही कडुनिंब आणि करंजाची रोपे लावली. फोटो निघाला. आमचा शिपाई हळूच म्हणाला होता, "साहेब, मिरगाचं पानी पडू द्या, मंग लावा." मी हसलो. पाऊस आला तोवर बहुतेक काड्या झाल्या होत्या. खर्चाच्या व्हाऊचरवर सही माझीच होती. मेलेल्या रोपांची नोंद मात्र कुठल्याच खातेवहीत नाही.

वास्तविक योग्य तारीख आपल्याजवळ होतीच. १९५० साली कन्हैयालाल मुनशींनी सुरू केलेला वनमहोत्सव जुलैत असतो. मग ५ जूनला शाळांनी, कचेऱ्यांनी नुसते खड्डे खणावेत, ते उन्हात तापू द्यावेत. माती वीतभर ओली झाली, की रोप लावावे. फोटो तेव्हा काढावा. पाहुणे चिखलात यायला तयार असतील तर!

माझ्या अंगणात दोन खड्डे तयार आहेत. कडुनिंबाची रोपे मात्र अजून न्हाणीजवळच्या सावलीत, पिशव्यांतच आहेत.