सल्ला आमचा, निर्णय कुणाचा?

समितीवर बायका घेतल्या की त्यांना सत्ता मिळाली, असे मानायची आपल्याकडे रीत पडली आहे. मी भोर-वेल्ह्यात काम करते. (वेल्ह्याला आता राजगड म्हणतात.) भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी ही सगळी धरणे इथलीच, आणि उन्हाळ्यात हंडा घेऊन वणवण करणाऱ्या बायाही इथल्याच. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. सभा होते, बाया पाण्याबद्दल पोटतिडकीने बोलतात, सह्या-अंगठे होतात. पण त्या शिफारशींचे पुढे काय झाले, हे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही.

माझे माहेर वसईचे, कॅथलिक. त्यामुळे चर्चमध्येही हेच कोडे मला दिसते. प्रत्येक चर्चच्या परिसराचा कारभार फादर पाहतात. त्यांना सल्ला देण्यासाठी 'पॅरिश कौन्सिल' असते आणि तिच्यावर बायकाही असतात. पण १९८३ च्या कॅनन कायद्याचे कलम ५३६ सांगते, की या कौन्सिलचे मत केवळ सल्ल्यापुरते. अध्यक्ष फादरच. कौन्सिल असावी की नाही, हे बिशप ठरवणार. पैशाअडक्याची समिती मात्र कलम ५३७ नुसार सक्तीची! म्हणजे हिशेबाला समिती हवीच, माणसांचे ऐकायला असली तर असली. आणि पुरोहितपद स्त्रियांना बंद, त्यामुळे अंतिम शब्द नेहमी पुरुषाचाच.

देवळाची झाडलोट, वेदीवरची फुले, मुलांना धर्मशिक्षण, आजाऱ्यांच्या घरी जाणे, ही कामे बहुतेक बायकाच करतात. श्रमाला आम्ही, सल्ल्याला आम्ही, निर्णयाला दुसरे!

काही जण म्हणतील, हा श्रद्धेचा विषय आहे, त्यात हक्कांची भाषा कशाला? पण चर्चचे छप्पर कधी दुरुस्त करायचे, निधी कशावर खर्चायचा, छळाची तक्रार आलेल्या बाईच्या पाठीशी कसे उभे राहायचे, यात धर्मसिद्धांत कुठे आडवा येतो? शिवाय चर्चमध्येही आता हेच बोलले जात आहे. भारतातील बिशपांनी २०१० साली स्त्री-पुरुष समतेचे धोरण जाहीर केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनॉडमध्ये प्रथमच स्त्रियांनी मतदान केले. त्या ५४ जणी होत्या. २०२४ च्या अंतिम दस्तऐवजाने अशा कौन्सिल सक्तीच्या कराव्यात आणि 'केवळ सल्ला' या शब्दांचा फेरविचार व्हावा, असे म्हटले. सल्लामसलतीतून निघालेला कौल अधिकाऱ्याने डावलू नये, असेही त्यात आहे.

आपल्यातल्या काही मैत्रिणी विचारतात, की पुरुषप्रधान संस्थेतल्या अशा खुर्चीसाठी भांडायचे तरी कशाला? माझे म्हणणे असे की, आपले श्रम तिथे रोज खर्ची पडतात, मग ते मैदान सोडायचे का?

म्हणून तीन गोष्टी मागू या. बैठकीचे विषय आधी कळावेत. झालेली चर्चा लिहून ठेवावी आणि ती सर्वांना वाचता यावी. आणि सल्ला नाकारलाच, तर त्याचे कारण लेखी द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, आग्रह लागतो. महिला सभा असो की पॅरिश कौन्सिल, पुढच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारू या: मागच्या वेळी आम्ही जे सांगितले, त्याचे तुम्ही काय केलेत?