ज्यूरीच्या दाराआड काय घडले, हे न्यायाधीशाने विचारावे

१. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयात ज्यूरीने ‘दोषी’ म्हटले तरी आरोपीला नव्याने खटला मागता येतो. मुदत कौलानंतर १४ दिवस; नवा पुरावा हाती आला असेल तर ३ वर्षे.

२. अशा अर्जावर अनेक न्यायाधीश पुरावा स्वतः तोलतात, साक्षीदार विश्वासाचा वाटला का हेही पाहतात. कौल पुराव्याला धरून नसेल तर आरोपी सुटत नाही, दुसरी ज्यूरी बसते. निर्दोष ठरवणारा कौल मात्र तिथे अंतिम असतो. आपल्याकडे तसे नव्हते. १९५९ साली नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, तेव्हा सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे जन्मठेप झाली.

३. अमेरिकेत पुरावा तोलण्याची मुभा असलेल्या न्यायाधीशाला मात्र ज्यूरी कशी वागली, हे ज्यूरर्सना विचारायला जवळपास बंदी आहे. बाहेरून दबाव आला किंवा बाहेरची माहिती आत पोचली, तरच अपवाद. फ्लोरिडातल्या टॅनर खटल्यात काही ज्यूरर दुपारी दारू पीत, अमली पदार्थ घेत आणि सुनावणीत झोपत, असे त्यांच्याच सहकाऱ्यांनी सांगितले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ही साक्ष नाकारली. नशा ही ‘बाहेरची’ गोष्ट नाही, म्हणून! ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे त्याला हे कारण कसे पटावे?

४. २०१७ मध्ये पेन्या-रॉड्रिगेझ खटल्यात एक फट उघडली. आरोपी मेक्सिकन आहे म्हणून दोषीच, असे एक ज्यूरर बोलल्याचे दोघा ज्यूरर्सनी पुढे येऊन सांगितले. अशा उघड वांशिक द्वेषाची साक्ष ऐकावीच लागेल, असे न्यायालय ५ विरुद्ध ३ मतांनी म्हणाले. निर्णय योग्यच, पण झोपलेल्या ज्यूररचा प्रश्न तसाच राहिला.

५. हरलेला पक्ष ज्यूरर्सना घरी गाठून छळेल, ही भीती खरी आहे. तिच्यावर उपाय आहे: वकिलांना दूर ठेवावे, चौकशी न्यायाधीशाने बंद दालनात करावी. कोणी कसे मत दिले हे विचारू नये. साक्ष ऐकताना तुम्ही शुद्धीवर होता का, एवढेच विचारावे, आणि उत्तर ‘नाही’ आले तर नवी ज्यूरी बसवावी.