'आपलाचा विश्वासू'

फुलंब्रीच्या तहसील कार्यालयात द्यायचा अर्ज मराठीत चालतो. 1964च्या राजभाषा अधिनियमाने ती सोय केव्हाच केली आहे. शेंद्रा किंवा वाळूजच्या कारखान्यात नोकरी मागायची तर मात्र अर्ज बहुधा इंग्रजीत लागतो, आणि त्याच्या शेवटी, 'युवर्स फेथफुली' लिहिताना, 'युवर'नंतर 'एस'च्या डोक्याशी एक चिन्ह अनेकदा लटकलेले दिसते. ते चिन्ह आणि 'एस' मिळून आपल्या 'चा-ची-चे'चे काम करतात. पण 'युवर्स'मध्ये 'आपला' आधीच आला आहे. म्हणजे अर्जदाराने लिहिले काय, तर 'आपलाचा विश्वासू'! मराठीत असे तिसरीतले पोरही लिहिणार नाही.

अशा वेळी खेड्यातल्या मुलांचे व्याकरण कच्चे, असे निदान तयारच असते. ते पटत नाही. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी चुका त्याच राहिल्या. कारण त्यांना मराठीचे वळण आहे. आपल्याकडे लग्न कुणा'शी' होते, म्हणून 'मॅरीड विथ'. इंग्रजीला तिथे 'टू' लागतो. चर्चा विषया'वर' होते, म्हणून 'डिस्कस ऑन'. इंग्रजीत 'डिस्कस'ला कसलाच टेकू नको. आपण दार बंद करतो आणि दिवाही बंदच करतो, म्हणून 'क्लोज द लाइट'. मुलगा नियम पाळतो आहे, पण मराठीचे. तेव्हा गाइडातले अर्ज घोकून घेण्याऐवजी वर्गात दोन्ही वाक्ये शेजारी-शेजारी मांडावीत. 'शी' आणि 'वर' ही मुलांच्या ओळखीची आहेत. वाट कुठे फुटते ते त्यांना लगेच दिसेल.

अर्थ कळला की झाले, असे कुणी म्हणेल. बहुतेकदा कळतोही. पण बायोडेटातले '2019 मध्ये पास्ड आउट' लष्करी अकादमीबाहेरच्या ब्रिटिश वाचकाला उमेदवार बेशुद्ध पडल्यासारखे वाटू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: भारतीय इंग्रजीला स्वतःचा हक्क नाही का? आहे. 'प्रीपोन' ऑक्सफर्डच्या कोशात गेला. 'डू द नीडफुल' तर इंग्रजांच्याच दफ्तरातला. तिकडे मागे पडला, इकडे टिकला. 'अर्ज' आणि 'तहसील' फारसीच्या वाटेने येऊन मराठीच झाले, त्यांना आज कुणी अशुद्ध म्हणत नाही. 'प्रीपोन'ने एक रिकामी जागा भरली, म्हणून तो रुजला. 'युवर्स'मधल्या त्या चिन्हाने कोणती भरली?