लोणारच्या कातळात हाड कुठून येणार?

लोणारच्या विवरात उतरताना पायाखाली काळ्या कातळाचे तुकडे येत राहतात. त्यातला एखादा नुकता फुटलेला तुकडा निरखून पाहावा. काळ्या अंगात बदामाच्या आकाराचे पांढरे दाणे रुतलेले असतात. एखाद्याला बाहेरून हिरवट साल असते, तर एखाद्याच्या आत मधोमधून चहूकडे फाकलेल्या बारीक सुया. कुणाला हे दात वाटतात, कुणाला अंडी. कातळाच्या फटीवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर मग शंकाच उरत नाही. फोटो निघतो आणि ‘जीवाश्म सापडला’ हा मजकूर मोबाइलवरून फिरायला वेळ लागत नाही.

इथेच थांबायला हवे. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या त्या रसात हाड किंवा पान टिकणे जवळजवळ अशक्य. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या पाण्याने त्या पोकळ्यांत झिओलाइट, अकीक, गारगोटी अशी खनिजे भरली. फटीवरचे ‘पान’ही तसेच, झिरपत्या पाण्याने मागे ठेवलेले मँगनीज आणि लोहाचे ऑक्साइड.

याचा अर्थ विदर्भात जीवाश्म नाहीत, असा मुळीच नाही. लाव्ह्याच्या दोन लोटांमध्ये मोठा काळ जाई, तळी साचत, झाडे वाढत. त्या गाळाच्या थरांत जीवाश्म मिळतात. नागपूरजवळच्या टाकळीत ते एकोणिसाव्या शतकातच स्टीफन हिस्लॉप यांना सापडले होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची गोष्ट तर त्याहून विलक्षण आहे. तिथे लाव्ह्याखालच्या थरांत डायनासोरांच्या काळातली अश्मीभूत विष्ठा मिळते. ओबडधोबड गोळेच ते, सहज कुणी वाकून उचलणार नाही. पण वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे कण निघाले. डायनासोरांच्या काळात गवत होते, हे २००५ साली जगाला त्यावरून कळले.

आकाराला भुलण्याची चूक फक्त हौशी माणसांचीच होते असे नाही. भीमबेटकाच्या गुहेत छतालगत दिसलेला पानासारखा ठसा सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘डिकिन्सोनिया’ या जीवाचा असल्याचे २०२१ साली एका नामांकित शोधपत्रिकेत छापून आले. दुसऱ्या चमूने २०२३ मध्ये दाखवून दिले की ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष होते. मूळ दावा करणाऱ्या संशोधकानेही ते मान्य केले. तज्ज्ञांची ही गत, तर एका फोटोवरून बातमी छापण्याची घाई वर्तमानपत्रांनी तरी का करावी?

खुद्द लोणारचे विवरही बराच काळ ज्वालामुखीचे तोंड मानले जात होते. हे अशनीच्या आघाताने झाले याचा भक्कम पुरावा १९७३ साली मिळाला, तो विवराच्या गोल आकारातून नव्हे. प्रचंड दाबाखाली काचेसारखे झालेले खनिज, मॅस्केलिनाइट, इथल्या खडकात सापडले.

आणि जीवाश्म नसलेला दगड कमी मोलाचा, हा समज सर्वात आधी जायला हवा. सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे दहा मीटर गाळात परागकण आहेत, तसे गेलुसाइटचे स्फटिकही आहेत. पाणी आटून फार खारट झाले की हे स्फटिक बनतात. त्यांचे आणि गाळातल्या इतर खुणांचे वाचन करून भारतीय आणि जर्मन संशोधकांनी आजपासून मागे ४६०० ते ३९०० वर्षे आणि २००० ते ६०० वर्षे या काळांतले दीर्घ अवर्षण ओळखले. मराठवाड्याच्या सीमेवरच्या, पाण्याला तरसणाऱ्या या मुलखाला याहून मोलाचे काय हवे?

म्हणून विवराच्या काठावर एक साधी सोय झाली पाहिजे. झिओलाइट, गारगोटी, मँगनीजची नक्षी आणि शेजारी टाकळी-पिसदुऱ्याचे खरे जीवाश्म, सगळे मराठी माहितीसह, सहलीला आलेल्या मुलांना हातात घेता येतील असे मांडावेत. काही वेगळे दिसले तर दगड जागेवरच राहू द्यावा. मूळ थरातून हलला की त्याची निम्मी साक्ष जाते. नेमकी जागा टिपून, मापासाठी शेजारी नाणे ठेवून फोटो काढावा आणि तो आधी नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाकडे किंवा विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे पाठवावा.